मारुती ८००चा स्टिअरिंग शाफ्ट: नवा की भंगारातला?

पुतण्याच्या जुन्या ८००चं स्टिअरिंग खडखडतंय. नवा शाफ्ट (स्टिअरिंगचं फिरणं खाली चाकांकडे पोचवणारा दांडा) घ्यावा की कुर्ल्याच्या भंगार बाजारातला, यावर घरात दोन तट पडलेत.

पैशात जुना स्वस्त, वादच नाही. टिकेल किती, ते मात्र नशीब. शाफ्टवरच्या युनिव्हर्सल जॉइंटची (कोनातही फिरणाऱ्या सांध्याची) दोन्ही टोकं उलटसुलट पिळून बघा. जरा जरी ढिला किंवा अडकता लागला, तर परत ठेवा. टोकाचे दाते झिजलेला शाफ्ट फुकटातही नको. वेल्डिंग मारलेला तर नकोच नको, दुकानदार काहीही सांगो.

मेहनत दोन्हीत सारखीच: चाकं सरळ, जुना काढण्याआधी जोडावर रंगाची खूण, बसवताना बोल्ट शाफ्टच्या खाचेतूनच आरपार. बोल्ट नवेच घ्या.

रोज घाट-हायवे असेल तर नवा. हौसेने जपलेल्या, नवा पार्टच न मिळणाऱ्या गाडीला पारखून घेतलेला जुना चालेल.