पहिला की तिसरा? ‘मुंबई-पुणे-मुंबई’ घरी लावण्याआधी

गेल्या आठवड्यात इथल्याच, नाशिकच्या इंदिरानगरहून मैत्रिणीचा फोन आला. शनिवारी तिच्याकडे सासरची मंडळी मुक्कामाला येणार आहेत. जेवणं उरकली की सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा असं ठरलंय, आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई’वर एकमतही झालंय. अडलंय ते भागावर. नणंद म्हणते तिसरा लाव. जाऊबाई म्हणतात तिसऱ्याचं नावही काढू नकोस, पहिलाच लाव. “तू तिन्ही पाहिलेस ना, मग तूच सांग,” मैत्रीण म्हणाली. दहा मिनिटं बोलूनही मला नीट सांगता आलं नाही, कारण आमच्याही घरात या तिसऱ्या भागावरून आजतागायत दोन तट आहेत. म्हणून जरा सवडीने लिहिते.

आधी माहितीपुरतं. तिन्ही भाग सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेले, तिन्हींत जोडी स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांची. पहिला भाग जून २०१० मध्ये आला, दुसरा २०१५ च्या दिवाळीत आणि तिसरा डिसेंबर २०१८ मध्ये. म्हणजे पहिला पाहताना जे कॉलेजात होते, ते तिसरा पाहायला बायकोला, नवऱ्याला किंवा कडेवरच्या लेकराला घेऊन गेले. तिसऱ्या भागावरच्या मतभेदाचं बरंचसं मूळ या आठ वर्षांत आहे असं मला वाटतं.

पहिल्या भागात माणसं जवळजवळ दोनच. मुंबईची मुलगी सांगून आलेल्या स्थळाला नकार द्यायला पुण्यात येते, पत्ता शोधताना तिला एक पुणेकर मुलगा भेटतो, आणि मग दिवसभर दोघं पुण्यात हिंडत राहतात. भांडतात, चिडवतात, मध्येच गप्प होतात. एकमेकांची नावंही विचारत नाहीत. शेवट इथे सांगत नाही, घरातल्या मुलांनी पाहिला नसेल तर त्यांची मजा जायला नको.

नाशिककरांना या सिनेमाची गोडी जरा निराळी लागते. मुंबई श्रेष्ठ की पुणं श्रेष्ठ या भांडणात आपण तिऱ्हाईत. मुंबईला जायचं तर नाशिकरोडवरून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस. पुण्याला जायचं तर सरळ रेल्वेमार्ग नाहीच, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत बसने किंवा गाडीने जायचं. घरटी एक पोर इकडे, एक तिकडे. मुंबईकरांची घाई आणि पुणेकरांचा ठामपणा, दोन्ही आपल्याला दिवाळीच्या फराळाबरोबर घरबसल्या मिळतात. त्यामुळे पडद्यावर ती पुण्याला बोलली तरी आपण हसतो आणि तो मुंबईला बोलला तरी आपण हसतो. आमच्या दादाची नोकरी चाकणला, वहिनीचं माहेर डोंबिवली. पहिला भाग लागला की त्या दोघांची आपापसात जी जुंपते, ती ऐकायला आम्ही आवाज कमी करतो.

पहिल्या भागावरही नाराज माणसं आहेत, हे सांगायला हवं. आमच्या बाबांना तो मुळीच रुचला नाही. “दोघं नुसती बोलतात. घडत काहीच नाही,” हे त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. मारामारी नाही, खलनायक नाही, घरदार नाही. ज्यांना गोष्ट पुढे सरकलेली लागते ते इथे कंटाळतात. पण मला विचाराल तर त्या बोलण्यातच सगळं घडतं. सकाळी जी मुलगी प्रत्येक वाक्याला फणकारते, तीच संध्याकाळी एखादं वाक्य अर्ध्यावर सोडून देते आणि पुढे बोलत नाही. नकार द्यायला आलेल्या माणसाचा पाय कसा अडकत जातो ते आपण समोर बसून पाहतो. हे दाखवायला दोन माणसं आणि एक शहर पुरलं. त्याच दिग्दर्शकाने २०१४ मध्ये हीच गोष्ट हिंदीत केली, पुण्याच्या जागी दिल्ली आली. गोष्ट तीच, पण पुण्याचं ते टोचून बोलणं गेलं आणि माझ्यासाठी चवच गेली. आमटीत गूळ-चिंच विसरल्यासारखं झालं.

आता तिसऱ्याकडे येते, कारण खरा प्रश्न तोच आहे.

डिसेंबर २०१८. नाशिकची थंडी ऐन भरात होती. आम्ही सहा जण एकाच रांगेत बसलो होतो: आई, बाबा, आत्या, दादा, वहिनी आणि मी. दादा-वहिनीच्या लग्नाला त्याच महिन्यात तीन वर्षं पूर्ण होत होती. पडद्यावर पहिल्या भागातली तीच दोघं, गौतम आणि गौरी, तेही लग्न होऊन काही वर्षं झालेले. दोन्ही घरची मंडळी गोड बातमीची वाट बघतायत. बातमी येते, पण ज्यांना आई-बाबा व्हायचंय त्यांचीच तयारी नसते. सिनेमाचा विषय हा.

माझ्या डाव्या हाताला आत्या होती, उजव्या हाताला वहिनी. ‘कुणी येणार गं’ गाणं लागलं तेव्हा आत्याने शालीतून हात बाहेर काढले आणि मांडीवर ताल धरला. बांगड्यांचा बारीक आवाज माझ्या कानाशी येत होता. घरातली मोठी माणसं पडद्यावर आनंदाने नुसती धावपळ करत होती आणि आत्या त्यांच्याबरोबर हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. वहिनीने मात्र पॉपकॉर्नचा कागदी पुडा मांडीवर ठेवला होता आणि त्याची वरची कड ती घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घडी घालायची. मध्यंतर होईपर्यंत ती कड फाटली होती. पुडा तसाच भरलेला होता.

बाहेर पडल्यावर पार्किंगमध्ये गाडी निघेपर्यंत सगळे कुडकुडत उभे होतो. आत्या म्हणाली, “किती गोड घर आहे गं! आजकाल असं कुठे दाखवतात?” वहिनी शांतपणे म्हणाली, “आत्या, मला हसूच नाही आलं. तिला कोणी विचारलंच नाही ना, की तुला काय हवंय.” आत्या काही बोलली नाही. गंगापूर रोडपर्यंत गाडीत कोणीच काही बोललं नाही.

त्या रात्रीपासून मी या सिनेमाकडे दोघींच्या जागेवरून पाहायचा प्रयत्न करते आहे. दोघी खरं बोलत होत्या. आत्या पडद्यावर घर पाहत होती, वहिनी त्या मुलीला पाहत होती. आणि सिनेमाने घराला जास्त वेळ दिला.

आत्याची बाजू आधी मांडते, कारण सिनेमाची हुशार मंडळी ती सहज उडवून लावतात. आत्याला ही जोडी थिएटरमुळे ठाऊक झालीच नव्हती. २०१२ मध्ये झी मराठीवर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ लागायची. दिग्दर्शक राजवाडेच, आणि घना-राधा म्हणून हीच दोघं. रोज रात्री जेवणाच्या वेळी ती दोघं आपल्या गोतावळ्यासकट आमच्या दिवाणखान्यात यायची. आत्या राधाला राधाच म्हणायची, मुक्ता बर्वे नाही. त्यामुळे २०१५ मध्ये दुसरा भाग ‘लग्नाला यायचंच!’ म्हणत आला, तेव्हा आत्यासारख्या हजारो बायकांना तो आपल्याच घरचं कार्य वाटला. गौतम आणि गौरी ही नावं ठसली ती तिथे, आणि प्रशांत दामले, विजय केंकरे, मंगल केंकरे, सुहास जोशी, सविता मालपेकर असा मोठा परिवार त्यांच्याभोवती उभा राहिला. तिसऱ्यात रोहिणी हट्टंगडींची भर पडली. एवढी अनुभवी माणसं एका खोलीत बसून नुसती चहा पीत असली तरी बघायला बरी वाटतात. दामल्यांनी एखादं साधं वाक्य किंचित उशिरा टाकलं की अख्खं थिएटर हसतं, आमचंही हसलं. आत्याने तिकिटाचे पैसे यासाठी दिले होते आणि तिला ते पुरेपूर मिळाले. तिची फसवणूक झाली असं कोणी म्हणू नये.

पण माझं मत वहिनीकडे झुकतं. विषय इतका खरा, इतका आजचा निवडला होता. लग्न झालेली दोघं, एकमेकांवर जीव असलेली, आणि मूल हवं की नको यावर त्यांचं मन ठरत नाही. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत अशी एक जोडी आहे आणि तिला याबद्दल बोलायला जागा नाही. पहिल्या भागात या दोघांनी तासन् तास बोलून स्वतःला उलगडलं होतं. मला वाटत होतं की इथेही त्यांना तसंच बोलायला मिळेल, एखाद्या रात्री, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. त्या बोलण्याच्या मी पूर्ण वेळ वाट पाहिली. दोघं जरा खोलात शिरतात असं वाटलं की दार उघडतं, कोणीतरी आत येतं, विनोद होतो, गाणं होतं. मोठ्या माणसांची अपेक्षा कायम गोड म्हणूनच दाखवली जाते. ती ज्या बाईच्या पोटावर येऊन बसते तिला ती किती जड होते, तिथे कॅमेरा फार थांबत नाही. मुक्ता बर्वेच्या चेहऱ्यावर ते जडपण येतं, पण तेवढ्यात दृश्य बदलतं. विनोदी सिनेमा आहे, किती गंभीर होणार, असं दादा म्हणतो. पण पहिला भागही विनोदीच होता आणि त्यात दोघं गप्प बसायची तेव्हा आपणही श्वास रोखायचो.

मुंबई आणि पुणं हे भांडणही तिसऱ्यात नावापुरतं उरलं, असं मला वाटलं. शहरं मागे सरली की त्या दोघांच्या स्वभावाची धारही बोथट होते. मग ती दोघं कुठल्याही गावची असती तरी चाललं असतं. मुंबई-पुण्याच्या भांडणात तिऱ्हाईत असलेल्या माणसाला हे जास्तच जाणवतं.

दुसऱ्या भागावर फार वेळ घालवत नाही. लग्न जवळ आल्यावर गौरीच्या मनात आलेली चलबिचल, जुना मित्र अर्णवचं परत येणं, हा धागा चांगला आहे आणि ‘साथ दे तू मला’ अजूनही लग्नांच्या व्हिडिओत ऐकू येतं. दादाच्या लग्नाच्या पत्रिका वाटता वाटता आम्ही तो पाहिला होता, त्यामुळे माझं मत त्याच्याबद्दल मऊ आहे. ज्यांच्या घरी कार्य निघालंय त्यांनी तो जरूर लावावा.

राहिला मैत्रिणीचा शनिवार. सासूबाई आणि नणंद यांना गोतावळा आवडतो, मध्येच कोणी चहा टाकायला उठणार, मुलं पळणार, कोणाचा तरी फोन वाजणार. अशा बैठकीला तिसरा भाग सोसतो. दहा मिनिटं चुकली तरी काही बिघडत नाही, आणि दामले आले की सगळे परत येऊन बसतात. पहिल्याचं तसं नाही. त्यातलं एक वाक्य निसटलं तर पुढच्या वाक्याचं हसू निसटतं. तो लावायचा तर मुलं झोपल्यावर, मोबाइल बाजूला ठेवून, दोघातिघांनी.

एक गोष्ट मात्र फोनवर सांगायची राहिली होती, ती इथे सांगते. तुझ्या जाऊबाईंच्या लग्नाला चार वर्षं झालीत. तिसरा त्यांना का नको, हे तू त्यांना सगळ्यांसमोर विचारू नकोस. त्यांच्यासमोर तो लावूही नकोस. सासूबाईंना हवाच असेल तर रविवारी दुपारी, जाऊबाई माहेरी निघाल्यावर लाव. शनिवारी रात्री पहिला लाव. सासूबाई बाबांसारख्या “घडत काहीच नाही” म्हणाल्या तर म्हणू देत, अर्ध्या तासाने त्यांना झोप लागेल. मग आवाज थोडा कमी कर आणि जाऊबाईंना शेजारी बसवून घे. वहिनी आणि मी परवाच पुन्हा तसा पाहिला, खारे शेंगदाणे घेऊन, दिवे मालवून. ती पत्ता विचारत येते तिथपासूनच वहिनी हसायला लागली होती.