हिलरी हानची पहिली बाख सीडी: काही महिने ऐकल्यानंतर

सोनीने 1997 मध्ये काढलेली ही सीडी. व्हायोलिनवादक हान तेव्हा 17 वर्षांची होती. बाखने एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या सहा रचनांपैकी तीन इथे आहेत: तिसरा पार्टिटा (ई मेजर), दुसरा पार्टिटा (डी मायनर) आणि तिसरा सोनाटा (सी मेजर), याच क्रमाने. साथीला कुणी नाही. एवढं सगळ्यांना ठाऊक असतंच, म्हणून थेट खुपणाऱ्या गोष्टीकडे येतो.

शाकोन, म्हणजे दुसऱ्या पार्टिटाचा शेवटचा भाग. जवळजवळ 18 मिनिटांचा आणि अख्खा एकच ट्रॅक. सीडीवर 99 ट्रॅक मावतात, इथे विशीसुद्धा गाठलेली नाही. म्हणजे चार-पाच खुणा सहज घालता आल्या असत्या. मधला मेजरचा (उजळ सुरावटीचा) भाग पुन्हा ऐकायचा तर बटण दाबून सरकत बसा. पुण्याहून निघालेली एस.टी. थेट कोल्हापूरला दार उघडते, साताऱ्याला उतरणाऱ्याने काय करायचं? इतर कलाकारांच्या सीड्यांवरही बहुधा हेच असतं हे मान्य, पण त्यांचा शाकोन 13 ते 15 मिनिटांत आटपतो.

उपाय आहे आणि फुकट आहे. सीडी फ्लॅकमध्ये (मूळ आवाजातलं काहीही न गमावणाऱ्या फाईलमध्ये) उतरवून घ्या. शाकोनची फाईल तोडू नका. तुकडे करून एमपी3 केलेत तर प्रत्येक तुकड्याच्या टोकाला एन्कोडर किंचित शांतता चिकटवतो आणि सांध्यावर ठेच लागते. त्याऐवजी फाईलशेजारी कुठला भाग कुठे सुरू होतो हे सांगणारी साध्या मजकुराची क्यू फाईल ठेवा. तीत वेळ मिनिट, सेकंद, फ्रेम अशी लिहायची. एका सेकंदात फ्रेम 75, शंभर नव्हे. इथेच लोक फसतात.

खुणा कुठे? एकूण 257 बार, म्हणजे तीन-तीन मात्रांचे गट. बार 89 ला आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकदम न वाजवता एकामागून एक) सुरू होतात, 133 ला डी मेजर येतो, 209 ला पुन्हा मायनर. सुरुवात धरून चार खुणा पुरतात. हानच्या वेगात एका बारला सरासरी चार सेकंदांहून थोडं जास्त लागतं. त्या हिशोबाने अंदाजे जागा गाठा आणि पुढचं कानावर सोपवा, कारण लय सगळीकडे सारखी नाही. मात्र खूण बारच्या अगदी तोंडाशी ठेवू नका. शाकोनचं सूत्र दुसऱ्या मात्रेवर उचललं जातं आणि पहिल्या मात्रेवर आधीच्या भागाचा डी टेकत असतो. पहिल्या मात्रेवर खूण केलीत तर दर वेळी जुन्या भागाचं शेपूट ऐकू येईल. दुसऱ्या मात्रेच्या किंचित आधी ठेवा.

आता वेगाबद्दल. मिनिटाला सरासरी 43 मात्रा पडतात. हा मुळात तीन मात्रांचा नाच, आणि इथे पाय उचलतच नाही. सुरुवातीला मला हा निव्वळ हट्ट वाटला. आता मत बदललंय, पण अर्धंच. चार स्वरांची कॉर्ड आजच्या ब्रिजवर (तारा पेलणाऱ्या घोडीवर) आणि गजावर एकदम वाजत नाही. खालचे दोन, मग वरचे दोन, अशी फोडावी लागते. वेग जितका कमी, तितका वरचा स्वर जास्त वेळ धरायचा आणि गज तितकाच काटकसरीने ओढायचा. बहुतेकांचा आवाज इथे ढिला पडतो. हानचा पडत नाही. आर्पेजिओंच्या भागात मधला स्वरही वेगळा धरता येतो. वेगवान ध्वनिमुद्रणांत तो गर्दीत हरवतो. तरीही पहिले आठ बार मला आजही जडच वाटतात.

तिसऱ्या पार्टिटाच्या सुरुवातीच्या प्रेलुडिओचे 138 बार इतके स्वच्छ की दोष शोधायला बसलं तर हात हलवत परत यावं लागतं. तोच ई स्वर एकदा मोकळ्या तारेवर आणि एकदा शेजारच्या तारेवर दाबून, असा झरझर आलटून-पालटून येतो तिथे दोन्हींचा रंग वेगळा कळायला हवा. स्वस्त ब्लूटूथ इअरफोनवर तो कळत नाही, सगळं एकाच पत्र्यावर वाजल्यासारखं येतं. तारवाले साधे हेडफोन घ्या.

पैसे खरे वसूल होतात ते सी मेजर सोनाट्याच्या फ्यूगवर, म्हणजे एकच विषय (छोटी धून) वेगवेगळ्या आवाजांत पुन्हा पुन्हा येतो त्या भागावर. 354 बार. 201 ला विषय उलटा होऊन येतो, वर जाणारे स्वर खाली जातात, आणि शेवटी सुरुवातीचे 66 बार जसेच्या तसे परततात. या परतीपर्यंत वाजवणाऱ्याचा दम संपलेला असतो असा माझा इतरांबाबतचा अनुभव. इथे नाही. शाकोनच्या नादात लोक इथवर पोचतच नाहीत.

अ‍ॅपवर ऐकत असाल तर आवाज समान करणारी सेटिंग ट्रॅकनिहाय ठेवू नका. लार्गो (संथ भाग) उचलला जातो, फ्यूग दाबला जातो, सोनाट्याची चढउतार सपाट. अल्बमनिहाय ठेवा किंवा बंद करा. आणि रेचल पॉजर या वादिकेच्या बरोक (जुन्या धाटणीच्या) व्हायोलिनशी तुलना करताना सगळं अर्ध्या स्वराने खाली ऐकू आलं तर अ‍ॅपला शिव्या देऊ नका. तिथे ए हा स्वर 415 हर्ट्झला लावलेला आहे, आजच्या 440 ला नव्हे. हिंदुस्थानी पद्धतीने प-सा-प-सा लावलेल्या व्हायोलिनवर सोबत वाजवून बघायचा मोह तर टाळाच. या कॉर्ड जी-डी-ए-ई या तारांवर बेतलेल्या आहेत, बोटं बसणारच नाहीत.

पैशांचा मुद्दा राहिला. सहापैकी इथे तीनच रचना. उरलेल्या तिघींसाठी 2018 पर्यंत थांबावं लागलं, आणि त्याही निघाल्या डेक्काकडून. दोन कंपन्या, दोन खरेद्या, एकत्र संच नाही. सहाही एकदम हव्या असतील तर युलिया फिशरचा दोन डिस्कचा संच परवडतो. तोही तरुण वादकाचाच. पण फ्यूगसाठी मी हीच सीडी ठेवीन.

जुनी घेतलीत तरी चालेल, फक्त कडा बघून घ्या. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि ही तासाहून बरीच मोठी आहे, म्हणजे सी मेजर सोनाटा नेमका बोटं लागतात त्या बाहेरच्या पट्ट्यात. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. अल्लेग्रो अस्साई, म्हणजे सोनाट्याचा शेवटचा भाग, अडखळला तर परत करा, आणि दुकानदार 'प्लेयरचा दोष' म्हणाला तर त्याच्याचकडे शेवटचा ट्रॅक लावून दाखवा.