वाचनालयाचं सभासदत्व: आठ महिन्यांनंतर

जूनच्या शेवटी लेकीनं शाळेतून चिठ्ठी आणली. आंतरशालेय वादविवाद स्पर्धा, विषय ‘मोबाइलमुळे वाचन कमी झाले आहे’, बाजू प्रतिकूल. आमच्या घरात छापील कागद म्हणजे कालनिर्णय आणि दहावीची गाइडं. म्हटलं, पोरगी बोलणार कशाच्या जोरावर? दुसऱ्या दिवशी इथं कोल्हापुरात पेठेतल्या जुन्या वाचनालयात जाऊन नाव घातलं. अनामत ५००, महिन्याला ५०. वाचनालयाचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि तिथल्या मॅडमना तोंड दाखवायचंय.

तक्रारी आधीच सांगून टाकतो. दुपारी बंद, सोमवारी बंद, त्यामुळे नोकरदार माणसाला गाठ पडते ती संध्याकाळचीच. कॉम्प्युटरवर पुस्तक ‘उपलब्ध’ दिसतं, कपाटात नसतं. तीनदा असं झाल्यावर मी कॉम्प्युटर सोडला आणि शिपाईमामांना विचारायला लागलो. त्यांना कपाट पाठ आहे. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी, आणि चांगले अंक हातात पडेपर्यंत संक्रांत. पावसाळ्यात संदर्भ विभागात ओल येते. एक जाडजूड चरित्र उघडलं तर कसरीनं पानाला जाळी पाडलेली, प्रस्तावना गायब. अभ्यासिका मात्र झकास. स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सातपासून डबा घेऊन बसलेली असतात, खुर्ची रिकामी दिसत नाही.

पण माझे पैसे वसूल झाले ते शनिवारी.

वरच्या मजल्यावर दर शनिवारी सहा वाजता सभा भरते. सभा म्हणजे दहा-बारा माणसं, बहुतेक पेन्शनीतली, चार लाकडी बाकं आणि टेबलावर एक पितळी घंटा. पाच मिनिटाला एक टोल, सहाव्याला दोन, मग खाली बसायचं. पोरीला सरावासाठी घेऊन गेलो. तिनं दणक्यात सुरुवात केली, “अध्यक्ष महाशय, मी विरोधी बाजूनं बोलतो.” आमच्याकडं पोरी असंच बोलतात, कुणी हसलं नाही. ती म्हणाली, वाचन कमी झालेलंच नाही, उलट लोक आता जास्त वाचतात. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरचे एक निवृत्त मास्तर उठले आणि एवढंच म्हणाले, “बाळ, हे कुठं वाचलंस?”

पोरगी गप्प. घंटा वाजायला दोन मिनिटं होती, ती तशीच गेली.

घरी येताना ती रडली, मला मास्तरांचा राग आला. पुढच्या शनिवारी भांडायच्या तयारीनं गेलो, तर त्यांनी चहा पाजला आणि जिन्यात उभं राहून तासभर सांगत बसले. नंतर तेच सगळं खालच्या पुस्तकांत शोधून वाचलं.

वाचनालय आणि वादसभा ही जुळी भावंडं आहेत हे मला माहीतच नव्हतं. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. एकानं निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. तिची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. नुसत्या बोलण्यावर ही पोरं थांबली नाहीत, दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला शिकवायलाही स्वतःच उभी राहिली. १८४८ लाच पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी आली आणि १८५० ला आपल्या गावात कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे आजचं करवीर नगर वाचन मंदिर. तेव्हा बोरीबंदर-ठाणे गाडी सुटायला तीन वर्षं होती. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली, आणि राजाराम कॉलेज १८८० चं. गावात कॉलेज नाही, आगगाडी नाही, आणि वाचनालय आहे! पुस्तकं बैलगाडीतून आली असणार.

न्यायमूर्ती रानडे लहानपणी कोल्हापुरात शिकले. त्यांनीच पुढं १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांची शाळाही कागल आणि कोल्हापूरचीच. आणि हे तर मला खरंच वाटेना: सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा देशात पहिल्यांदा केला तो कोल्हापूर संस्थानानं, १९४५ साली. मद्रासचा १९४८ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. आपण तांबडा-पांढरा रस्सा आणि कुस्तीवर छाती फुगवतो, यावर कधी फुगवली नाही.

मास्तरांचं म्हणणं असं, की त्या काळी वादात उतरायचं तर पुस्तक लागायचं आणि पुस्तक एकट्याला परवडायचं नाही, म्हणून वर्गणी काढून कपाट भरायचं. खाली कपाट, वर वाद. आता खाली अभ्यासिका भरलेली आणि वर बाकं रिकामी, हे त्यांचं दुखणं. मला ते अर्धंच पटतं. अभ्यासिकेतल्या पोराला नोकरी पायजे, त्याला वादासाठी वेळ कुठला? पण त्यातलं एखादं पोर शनिवारी वर आलं तर मुलाखतीत त्याचीच जीभ सुटेल, हेही खरं.

पोरीचं सांगायचं राहिलं. स्पर्धेत तिचा नंबर आला नाही. शनिवार मात्र तिनं सोडला नाही. आता ती टेबलावर पुस्तक ठेवूनच बोलते. पानांत खुणेला केएमटी बसची तिकिटं घातलेली असतात आणि मॅडम परत घेताना ती एकेक काढून तिच्या हातात देतात. परवा मास्तरांनी काहीतरी तारीख ठोकून दिली, तर ही बाकावरूनच, “सर, हे कुठं वाचलंत?” मास्तरांनी चष्मा पुसला आणि शिपाईमामांना हाक मारून तिसऱ्या कपाटाची किल्ली मागवली.

तारीख मास्तरांचीच बरोबर निघाली. पण ते पुस्तक तिनं घरी आणलं, आठवडा उलटला तरी परत केलेलं नाही, आणि उशिराचा दंड माझ्या खिशातून चाललाय.