एकाच बाईंच्या दोन मुलाखती : अमेरिकी गुलामांच्या निवेदनांचा मोफत संग्रह

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल, अर्पण केला, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. त्या अर्पणपत्रिकेत मुक्त करणारे दिसतात; मुक्त झालेल्यांचे स्वतःचे म्हणणे कुठे वाचायला मिळेल, हा प्रश्न मात्र मला बरीच वर्षे होता. त्याचे उत्तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संकेतस्थळावर खुल्या केलेल्या ‘बॉर्न इन स्लेव्हरी’ या संग्रहात मिळाले. गेले चार महिने मी तो रोज थोडा थोडा वाचत आहे, म्हणून हा अभिप्राय.

महामंदीच्या काळात बेकार झालेल्या लेखक-कारकुनांना काम देण्यासाठी अमेरिकी सरकारने फेडरल रायटर्स प्रोजेक्ट ही योजना काढली होती. तिच्यातल्या माणसांनी १९३६ ते १९३८ या काळात एकेकाळी गुलाम असलेल्या वृद्धांना गाठून त्यांच्या आठवणी टिपल्या. अशी २,३०० हून अधिक निवेदने आणि ५०० छायाचित्रे येथे आहेत. राज्यवार १७ खंड आहेत आणि एकट्या आर्कान्सॉच्या खंडाचे सात भाग आहेत. पैसे लागत नाहीत, खाते उघडावे लागत नाही. मूळ टंकलिखित पाने, त्यांवरच्या हातच्या दुरुस्त्यांसह, जशीच्या तशी पाहता येतात. गुलामगिरी १८६५ साली संपली, त्यामुळे बोलणारे बहुतेक जण ऐंशीच्या पुढचे आहेत आणि त्यांनी गुलामगिरी पाहिली ती लहानपणी, हे वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते.

हा संग्रह नेमका कशासाठी वाचावा, हे कळायला एकच उदाहरण पुरेल. साउथ कॅरोलिनाच्या चौदाव्या खंडाच्या दुसऱ्या भागात चार्ल्सटन शहरातल्या एका शंभरी ओलांडलेल्या बाईंच्या मुलाखती आहेत. एका ठिकाणी त्यांचे नाव सुसान हॅमलिन असे आहे, दुसऱ्या ठिकाणी सुसान हॅमिल्टन, बाई त्याच. १९३७ च्या जुलैत जेसी बटलर या गोऱ्या बाई त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा सुसानबाई दाराच्या आत पायरीवर बसल्या होत्या. या बाई मदत देणाऱ्या सरकारी कचेरीतून आल्या आहेत, असा त्यांचा समज झाला. तो समज आपण दूर केला नाही, हे बटलरबाईंनी स्वतःच, कसलाही संकोच न बाळगता, पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवले आहे. मग मुलाखतीत काय येते, तर मालक फुलर हे भले गृहस्थ होते, त्यांच्या पत्नीचे माहेरही मोठे थोर होते आणि सगळे आपल्या गुलामांशी चांगले वागत.

ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय मुलाखतकाराला मात्र त्याच सुसानबाई दिवसरात्र ऐकू येणाऱ्या किंकाळ्यांविषयी सांगतात, कारण कुणाची आई, कुणाचा भाऊ काहीही न कळवता विकला जात असे. एका जोडप्याचे रात्री लग्न झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने नवरी विकून टाकली. तिची आई रस्त्यावर येऊन मालकिणीला तोंडाला येतील त्या शिव्या देऊ लागली. पोलिसांना बोलावण्याची धमकी मिळाली, तेव्हा मारा नाहीतर पोलिसांना बोलवा, हे सोसण्यापेक्षा मेलेले बरे, असे ती म्हणाली. पोलिसांनी तिला धरून नेले, आणि पुढे तिचे काय झाले ते आपल्या कधीच कानावर आले नाही, एवढे सांगून सुसानबाई तो विषय सोडतात.

या दोन मुलाखती लागोपाठ वाचल्यावर मी बराच वेळ पुढचे पान उघडले नाही. बटलरबाई त्यांना नुसते ‘सुसान’ म्हणतात, सुसानबाई उलट ‘मॅडम’ म्हणतात; लॅडसनला मात्र त्या ‘बाळा’ म्हणाव्यात तशी हाक मारतात. कोणाला अहो-जाहो करायचे आणि कोणी कोणाला नुसत्या नावाने हाक मारायची, यावर ज्यांच्या गावात माणसाची पायरी ठरत आली, त्या मराठी वाचकाला यातला वर्णद्वेष कुणी समजावून सांगावा लागणार नाही. मदत मिळणे वा न मिळणे ज्यांच्या हातात आहे असे वाटते, त्यांच्यासमोर माणूस काय बोलेल, हेही आपल्याला परके नाही. म्हणूनच संग्रहातले ‘मालक चांगले होते’ हे वारंवार येणारे वाक्य पुरावा म्हणून उचलण्याआधी, मुलाखत कोणी घेतली आहे ते पाहावे. बहुसंख्य मुलाखतकार गोरे होते. पहिल्या पानावर त्यांचे नाव असते. वर्ण सहसा नसतो, तो शोधावा लागतो.

दुसरी अडचण बोलीची. योजनेतील कृष्णवर्णीयांविषयीच्या लेखनाचे संपादक, कवी स्टर्लिंग ब्राउन यांनी उच्चार मोडून लिहिण्यापेक्षा बोलण्याच्या धाटणीशी इमान राखावे, अशी सूचना दिली होती. ती फारशी पाळली गेलेली दिसत नाही. दलित आत्मकथनांमुळे आपल्याला आतून लिहिलेली बोली कशी असते याची ओळख आहे. येथे ती बाहेरच्या कानाने ऐकून, कित्येकदा गंमत म्हणून लिहिली आहे, हे ओळीओळीला जाणवते. व्यावहारिक त्रासही आहेच. एकच शब्द पाच तऱ्हांनी लिहिलेला असल्याने शोध घेताना प्रमाण इंग्रजी शब्द टाकून भागत नाही, आणि सुरुवातीला प्रत्येक वाक्य मनातल्या मनात मोठ्याने म्हणून पाहावे लागते. पन्नासेक पानांनंतर कान सरावतो. कृष्णवर्णीयांसाठीचे अपमानास्पद शब्द मूळ पानांत तसेच ठेवले आहेत, तेव्हा शाळकरी मुलांना देताना मोठ्यांनी शेजारी बसावे.

पडद्यावर वाचवत नाही म्हणून मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून यातल्या एका खंडाची छापील प्रत मागवली आणि साडेनऊशे रुपये घालवून बसलो. अक्षर मुंगीएवढे, छायाचित्रे काळी ठिक्कर आणि मुलाखतकारांची नावे चक्क गाळलेली; म्हणजे जे आधी पाहायचे तेच नाही. मजकूर स्वामित्वहक्कमुक्त असल्याने अशा प्रती कोणीही काढतो. त्यापेक्षा प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावरचा टंकित मजकूर ई-बुक वाचनयंत्रावर घ्यावा आणि शंका आली की मूळ पान उघडावे.

लायब्ररी ऑफ काँग्रेसनेच अशा वृद्धांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतीही खुल्या केल्या आहेत. १९४९ साली बाल्टिमोरमध्ये फाउंटन ह्यूज यांचे बोलणे मुद्रित झाले. आपले आजोबा अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मालकीचे होते, असे ते सांगतात. पुन्हा गुलाम व्हायची पाळी आली तर बंदूक घेऊन स्वतःला संपवीन, हे ते ज्या शांत आवाजात म्हणतात, तो आवाज कुणा लेखनिकाच्या हातून गेलेला नाही. छापील निवेदने वाचायला घेण्यापूर्वी ही अर्ध्या तासाची मुलाखत हेडफोन लावून ऐकावी.