ट्रॅक्टरचा व्हॅक्यूम टँकर, वर्ष होत आलं: पंपाला नावं ठेवणार नाही, पण ती काच!

गेल्या आठवड्यात पंप परत खोलावा लागला. आत फेस, गाळ आणि एक पट्टी तुटलेली. मेकॅनिकचं बिल समोर आहे, राग ताजा आहे, तोवर लिहून टाकतो.

संडासाच्या सेप्टिक टाक्यांतला मैला ओढायचा हा टँकर. ४,००० लिटरची टाकी, ५४० च्या पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा, मिनिटाला ५४० फेरे घेणारा दांडा) चालणारा व्हेन पंप (आत फिरत्या पट्ट्या असलेला), ४ इंची होज. घेणाऱ्याला हे पाठच असतं, कोटेशनवर ठळक छापलेलं असतं. जे छापत नाहीत ते सांगतो. बनवणाऱ्याचं नाव विचारू नका, आमचा व्यवहार अजून मिटलेला नाही.

ऊस गेला की ट्रॅक्टर दारात उभा राहतो, हप्ता काही उभा राहत नाही. म्हणून हा जोडधंदा. भावकीत कुजबुज झाली, आमच्या ट्रॅक्टरनं आता ऊस ओढायचा का नाही यावरही चर्चा झाली. आता त्यांचेच फोन येतात. पावसाळ्यात संडास तुंबला की रात्री दहालासुद्धा येतात. असो.

पंपाची ओढ चांगली आहे. आमच्या गावात व्हॅक्यूम मीटरचा काटा पाऱ्याच्या ६०० मिलीमीटरला टेकतो. तोच टँकर महाबळेश्वरला एका बंगल्यावर नेला तर ५५० च्या आसपास अडकला. ड्रायव्हर म्हणाला, सील गेलं. सील शाबूत होतं. साधारण १,३५० मीटर उंचीवर हवाच विरळ, पंप जास्तीचा दाब आणणार कुठून? ५० मिलीमीटर म्हणजे उचलीत सव्वादोन फुटांचा फटका. आणि तिकडे बंगले उतारावर खाली, रस्ता वर. कुठलाही सक्शन पंप घ्या, १० मीटर ही निसर्गानंच घालून दिलेली हद्द आहे, आणि प्रत्यक्षात ६ मीटरच्या पुढे टँकर नुसता गुरगुरतो. तेव्हा होजचं तोंड मधूनमधून पाण्याच्या वर काढायचं, हवेचा घोट आत जाऊ द्यायचा, परत बुडवायचं. हवा मिसळली की नळीतलं पाणी हलकं होतं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढतं. हे पुस्तिकेत लिहिलेलं नाही, एका जुन्या ड्रायव्हरनं दाखवलं.

खोड एकच. काटा वर ताणून धरला की पंपातून हवा फार जात नाही, मग तो तापतो. उन्हाळ्यात हात लावता येत नाही. मध्ये थांबवा, तेलाचे थेंब पडताहेत का बघा.

सगळ्यात पैसे वसूल केले ते फोर-वे वॉलनं (चार वाटांचा व्हॉल्व्ह). घेताना मला तो उगाच लावलेला डाग वाटला होता. टाकी तर उतारानंसुद्धा रिकामी होते, मग दाब कशाला? पण दांडा फिरवला की हाच पंप टाकीत उलटी हवा भरतो. होजमध्ये फडकी, पॅड, केसांचे गुंते अडकले की उलटा दाब द्यायचा, बोळा बाहेर. आणि दहा-पंधरा वर्षं न उपसलेल्या टाकीच्या तळाला गाळ दगड झालेला असतो. वरचं पाणी ओढून तेच दाबानं परत तळावर सोडायचं, गाळ ढवळला जातो, मग पुन्हा ओढायचा. तळ अगदी चाटूनपुसून काढू नका. सेप्टिक टँकच्या आयएस २४७० मानकातच निदान २५ मिलीमीटर गाळ विरजणासारखा मागे ठेवा म्हटलंय.

या वॉलमुळे एक भांडण मिटलं. गिऱ्हाईक ढापा उघडून हमखास म्हणतं, ‘एक माणूस उतरवा की आत, पाचशे जास्त घ्या.’ मी उतरवत नाही. २०१३ च्या कायद्यानं असा माणूस उतरवायला लावणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आतला गॅस. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो, वाढला की नाकच बधिर होतं, आणि माणसाला वाटतं वास गेला. दाबाचं पाणी सोडून तळ मोकळा होताना दाखवला की गिऱ्हाईक गप्प बसतं.

आता काच.

टाकीच्या मागच्या तबकडीवर एकाखाली एक तीन गोल काचा. आत किती भरलं ते बघायला. पहिल्या महिन्यातच त्यांच्यावर आतून चरबीचा थर बसला आणि तिन्ही आंधळ्या झाल्या. तुम्ही म्हणाल, काचेवरून एवढं काय? ऐका. टाकी भरत आली की आतला गोळा तरंगून पंपाकडची वाट बंद करतो, हे सगळे विक्रेते छातीठोक सांगतात. पण घराघरांतून साबणाचं, डिटर्जंटचं पाणी संडासाच्या टाकीत येतं. व्हॅक्यूममध्ये त्याचा फेस फुगतो, आणि फेसावर गोळा तरंगत नाही. फेस त्याला वळसा घालून सरळ ट्रॅपच्या बाटलीत (पंपाआधी पाणी अडवायला असते ती), तिथून पंपात. गेल्या आठवड्यात हेच झालं. काच दिसत असती तर फेस चढताना दिसला असता आणि पीटीओ सोडला असता.

दुसरं म्हणजे पैसा. मी खेपेवर घेतो. गिऱ्हाइकाला वाटतं टँकर अर्धाच भरला आणि खेप पूर्ण लावली. त्याला दाखवणार काय? मी पान्यानं टाकी ठोकून आवाजावरून पातळी सांगतो, ती माझ्या ड्रायव्हरला कळते, आमच्या एका गिऱ्हाइकाला, वकीलसाहेबांना, कळत नाही. मुळात लोकांनी दहा-दहा फुटी टाक्या बांधून ठेवल्यात, ‘जन्मात उपसावी लागणार नाही’ म्हणून. मग तीन खेपांचं बिल बघून चेहरा पडतो आणि राग त्या काचेवर निघतो.

बनवणाऱ्याला फोन केला. ‘काच वॉरंटीत येत नाही, झिजणारा माल आहे.’ काच कुठे झिजते, आंधळी होते, म्हटलं. मग बदली माल पाठवला, तो अ‍ॅक्रिलिकचा, वर त्याचं बिल. चिकटा पाण्यानं निघेना म्हणून पोरानं थिनरचा बोळा फिरवला, तर अ‍ॅक्रिलिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. दुसरा संच मागवला, त्याचंही बिल. त्यांचं म्हणणं, ‘थिनर वापरायचा नाही.’ पुस्तिकेत तसं कुठे आहे, विचारलं. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो.’ अजून टाकलेलं नाही. लाखोंच्या मशीनला तीन-चारशेची काच धड देत नाहीत, म्हणून पाचपैकी अडीच मार्क.

*इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मधल्या काळात मत थोडं बदललं, म्हणून पुढचं.*

आमच्या आळीत साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक पॅनमन (पॅन म्हणजे साखर शिजवायचं बंद भांडं, ते सांभाळणारे) आहेत, सगळे आबा म्हणतात. उभा टँकर बघून म्हणाले, ‘अरे, ही तर आमच्या पॅनची काच.’ साखर व्हॅक्यूममध्येच शिजते, म्हणजे रस कमी उष्णतेवर उकळतो आणि साखर करपत नाही. त्यांच्या पॅनला ६३५-६५० मिलीमीटरचा व्हॅक्यूम, माझ्या टँकरपेक्षा जास्तच. आणि आयुष्यभर ते काचेतून दाणा बघत पाक उतरवत आले. तिथे चिकटा काय थोडा असतो? त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. काच कडक, जाड, बॉयलरच्या सामानाच्या दुकानात मिळते ती लाव, आणि काचेच्या वर आतून पाण्याची बारीक तोटी सोड. पॅनला असते तशी.

ते करून घेतलं. वेल्डरला टाकी आधी धुऊन, झाकणं उघडी ठेवून, वारं खेळवून मगच हात लावू दिला. मैल्याच्या टाकीतला गॅस पेटतो, तिथे काटकसर चालत नाही. वरच्या दोन काचांना तोटी, खालची एक पत्र्यानं बंद, कारण टाकी अर्धी झाली का हे कुणीच विचारत नाही. शेवटची फेरी संपली की बादलीभर पाणी तोटीतून सोडतो. काचा दिसतात. फेस चढताना दिसतो, चक्क पांढरा. वकीलसाहेबांनी परवा चष्मा लावून बघितलं आणि न बोलता पैसे दिले.

तर मार्क साडेतीन. वाढलेला एक आबांचा आहे, कंपनीचा नाही.

दीड मार्क का कापला? काचेचा एक. उरलेला अर्धा होजच्या जोडाच्या रबरी पॅकिंगला. ते चपटं झालं की शिट्टीसारखी हवा ओढतं, काटा ४०० च्या वर जात नाही आणि माणूस पंपाला दोष देत बसतो. चार पॅकिंग कायम डब्यात ठेवा.

घ्यायचा का? तुमच्या भागात मैला प्रक्रिया केंद्र किती लांब आहे ते आधी मोजा, डिझेल तिथेच जातं. माझ्या आसपास ओढ्यात सोडणारेही आहेत, त्यांचा दर माझ्यापेक्षा कमी, आणि गिऱ्हाईक त्या दरावरून माझ्याशी घासाघीस करतं. वाई आणि सिन्नरमध्ये २०१८ पासून नगरपरिषदेनं दर तीन वर्षांनी घरोघरी फिरून टाक्या उपसायची पद्धत सुरू केली, तिथे टाकी भरून अंगणात यायची वाट बघत नाहीत. आमच्याकडे अंगणात आल्याशिवाय कुणाला माझा नंबर आठवत नाही. पाऊसकाळात धंदा, उन्हाळ्यात सुट्टी. हप्ता त्या हिशेबानं बांधा.

कालच बनवणाऱ्याचा माणूस फोनवर होता. तोटीचं ऐकून खूश झाला, ‘फोटो पाठवा, पुढच्या लॉटला आम्हीही लावतो.’ म्हटलं, आधी त्या दोन अ‍ॅक्रिलिक संचांचे पैसे खात्यावर येऊ देत, मग फोटो.