खाणीचा पैसा: वाटायचा, ठेवायचा की घालायचा?

जमिनीखाली खनिज निघालं आणि कंपनी दारात आली, की गरीब वस्तीत पहिला वाद पेटतो तो दराचा: टनामागे किती? माझ्या मते खरा वाद त्यानंतरचा. आलेला पैसा कुणाच्या हातात राहणार?

नाऊरू हे पॅसिफिकमधलं जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं बेट. 1968 साली स्वतंत्र झालं, दोनच वर्षांत फॉस्फेटच्या खाणी ताब्यात घेतल्या आणि सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगातल्या श्रीमंतांच्या पंगतीला बसलं. पैसा साठवायला निधी उभारला नव्हता असं नाही, उभारला होता. पण त्याला कुलूप नव्हतं. मेलबर्नला 52 मजली इमारत झाली, विमान कंपनी झाली, 1993 साली लंडनमध्ये एका संगीतनाटकात पैसा घातला, तेही सपशेल पडलं. कर्जापायी 2004 साली ती इमारत विकावी लागली. बसून खाल्लं तर डोंगरही पुरत नाही म्हणतात. इथे तर पठारच खाऊन झालं होतं. बेटाच्या मधोमध आता माणसापेक्षा उंच चुनखडीचे सुळके उभे आहेत. तिथे ना नांगर चालत, ना घर बांधता येत.

अमेरिकेतल्या अलास्का राज्याचेही हात आधी पोळलेच. 1969 च्या तेलपट्ट्यांच्या लिलावात 90 कोटी डॉलर आले आणि काही वर्षांत खर्चून गेले. मग 1976 साली राज्यघटनेतच तरतूद केली: खनिजांच्या रॉयल्टीचा, म्हणजे खनिज काढल्याबद्दल कंपन्या राज्याला देतात त्या पैशाचा, किमान चौथा हिस्सा निधीत जाईल, मुद्दलाला हात लावायचा नाही. 1982 पासून माणशी लाभांश मिळतो. पहिला हजार डॉलरचा होता. त्यामुळे ज्याला त्याला आपल्या चेकची काळजी, म्हणजे फुकटचे राखणदार. पण लाभांश किती आणि शाळांना किती, यावर आता वारंवार भांडण असतं.

आफ्रिकेतला बोट्सवाना 1966 साली स्वतंत्र झाला तेव्हा देशभरात डांबरी रस्ता होता 12 किलोमीटर. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. खनिजावरचा हक्क एकेका जमातीकडे न ठेवता देशाकडे घेतला, ही पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामांची हुशारी. त्यांची स्वतःची जमातही त्यातून सुटली नाही. हिऱ्यांच्या कंपनीत देशाने निम्मा वाटा मिळवला आणि पैसा शाळा, दवाखाने, रस्त्यांत घातला. मात्र हिऱ्यांच्या खाणीत माणसं लागतात थोडी. बेकारी हटली नाही, आणि हिऱ्यांचा भाव पडला की अंदाजपत्रक हलतं.

तर निवडायचं कसं? शाळा, पाणी, दवाखानाच नसेल तर बोट्सवानाची वाट. पण हिशेब सगळ्यांसमोर वाचला जात असेल तरच. पुढाऱ्यांवर भरवसा नसेल तर अलास्काचं कुलूप बरं. सगळं रोख वाटून टाकायच्या भानगडीत मी पडणार नाही. व्याज खुशाल वाटा.

आणि वाट कोणतीही धरा, खड्डा बुजवायचे पैसे पहिली कुदळ पडायच्या आत जमा करून घ्या. स्वातंत्र्याआधी उकरलेल्या जमिनीच्या भरपाईसाठी नाऊरूला 1989 साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जावं लागलं होतं.