झाडीपट्टीचं नाटक एडिट करायचंय: केडेनलाइव्ह, दा विंची रिझॉल्व्ह की मोबाईल?

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडशापासून गोंदियापर्यंत गावोगावी नाटकांचे बोर्ड लागतात, आणि कोणी ना कोणी पोरगा मला विचारतोच, "भाऊ, नाटक रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं हाये, तं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" यंदा विचारणाऱ्याकडे आठ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप आहे, बरा मोबाईल आहे आणि नाटक मंडळीच्या मॅनेजरची तोंडी परवानगी आहे. परवानगी कागदावर घे बाबा, हे मी त्याला आधीच सांगितलं. बाकीचं इथे लिहितो.

मोबाईलवरच एडिट करायचा मोह सगळ्यांना होतो. काइनमास्टरसारखं अ‍ॅप दोन मिनिटांच्या क्लिपला उत्तम: विनोदी नटाचा एखादा प्रवेश कापला, वर नाव टाकलं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. फुकटच्या आवृत्तीत कोपऱ्यात त्यांचा शिक्का येतो, तो काढायला पैसे भरावे लागतात. कॅपकटचं नाव ऐकलं असशील, पण ते भारतात अधिकृतपणे मिळत नाही. कुठून तरी उतरवलेली फाईल मोबाईलमध्ये घालू नको. खरी अडचण वेगळीच आहे. आपलं नाटक रात्री पडदा उघडला की पहाटेपर्यंत चालतं. फुल एचडीत 17 एमबीपीएसने (म्हणजे सेकंदाला 17 मेगाबिट) रेकॉर्ड केलं तर तासाला साडेसात जीबी, पाच तासांचे जवळपास 38. ते मोबाईलमध्ये ठेवशील कुठे आणि बोटाने कापशील कुठवर?

दा विंची रिझॉल्व्ह ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनचं. फुकटची आवृत्ती 4के पर्यंतचं एक्स्पोर्ट देते आणि शिक्का मारत नाही. पैशाची स्टुडिओ आवृत्ती 295 डॉलरची, तीही एकदाच भरायची. रंगांचं काम त्याच्याइतकं चांगलं फुकटात कुठेच मिळत नाही. आपल्या रंगमंचावर लाल-निळे दिवे नटाच्या तोंडाचा रंग पार खाऊन टाकतात, तिथे ते फार कामाला येतं. आवाजासाठी आत फेअरलाइट नावाचा वेगळा विभागच आहे. पण कंपनीच 16 जीबी रॅम सुचवते आणि बरं ग्राफिक्स कार्ड तर लागतंच. आठ जीबीच्या लॅपटॉपवर ते उघडतं, आणि मग तुझ्याकडे नुसतं पाहत बसतं. लिनक्सवाल्यांना आणखी एक काटा: तिथली फुकट आवृत्ती मोबाईलची एच.264 फाईल (व्हिडिओ दाबून लहान करायचा नेहमीचा प्रकार) वाचतच नाही.

केडेनलाइव्ह दिसायला साधं, पण पूर्ण मोफत आणि मुक्त, विंडोज-लिनक्स दोन्हीवर चालतं. त्यातली प्रॉक्सी ही सोय आपल्या लॅपटॉपसाठीच काढल्यासारखी आहे. ते मोठ्या व्हिडिओची हलकी नक्कल करून देतं, तू नक्कल कापायची, आणि शेवटी फाईल निघते ती मूळ व्हिडिओतून. मधूनच बंद पडतं, हा दोष मी लपवत नाही. पुन्हा उघडलं की आपोआप जतन झालेलं काम परत आणू का, असं विचारतं. तरी दर दहा मिनिटांनी सेव्ह दाब. रंगांच्या कामात ते रिझॉल्व्हच्या जवळपास नाही. तुझ्या लॅपटॉपवर मात्र माझं मत केडेनलाइव्हलाच.

लग्नाचे स्टुडिओवाले एडिअस वापरतात, कोणी प्रीमिअर. एडिअस विकत घ्यावं लागतं, प्रीमिअरचं भाडं महिन्याला भरावं लागतं, आणि बाजारात ‘क्रॅक’ करून मिळतं त्यातून व्हायरस येतो. तुला दोन्हींची गरज नाही.

आता आवाज. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो, आणि यावर कोणी बोलत नाही. प्रेक्षकांत बसून मोबाईलने घेतलेला आवाज म्हणजे पोरांचं रडणं, खाऱ्या शेंगांची फोलं आणि शेजारच्या काकाची दाद. त्यापेक्षा साउंडवाल्याला विनंती करून मिक्सरच्या लाइन आउटमधून छोट्या रेकॉर्डरमध्ये आवाज घे. ती तार थेट मोबाईलच्या माईकमध्ये घातलीस तर आवाज फाटेल, कारण लाइनची पातळी माईकपेक्षा खूप जास्त असते. सगळ्यात मोठी आरोळीसुद्धा रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील एवढी पातळी ठेव. फाटलेला आवाज कोणत्याच सॉफ्टवेअरला पहिल्यासारखा शिवता येत नाही. 48 किलोहर्ट्झ, 16 बिट स्टीरिओ वेव्ह (न दाबलेल्या आवाजाची) फाईल तासाला 690 एमबी होते. एमपीथ्री बरीच लहान, पण मूळ आवाज वेव्हमध्येच ठेव.

पहिल्या वर्षी मी इथेच फसलो. पडदा उघडताना टाळी वाजवून आवाज आणि चित्र जुळवलं, आणि खुशाल निजलो. चौथ्या अंकात नायिका रडायची आणि हुंदका मागून यायचा! रेकॉर्डर आणि मोबाईल, दोघांची घड्याळं किंचित वेगळी चालतात. तासाभरात कळत नाही, पाच तासांत उघडं पडतं. त्यात मोबाईल दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या स्वतःच कमीजास्त करतो. म्हणून आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून व्हिडिओ ठराविक फ्रेमरेटचा करून घे, आणि नंतर प्रत्येक अंक वेगळा जुळव. आवाजाच्या लहरी पाहून जुळवण्याची सोय केडेनलाइव्ह आणि रिझॉल्व्ह दोघांतही आहे, तिथे फरक नाही.

वीज आणि जनरेटरमुळे येणारी घरघर काढायला ऑडॅसिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर वापर. नाटक सुरू व्हायच्या आधीची नुसत्या घरघरीची दोन-तीन सेकंदं निवडायची, नॉइज प्रोफाइल (म्हणजे त्या घरघरीचा नमुना) घ्यायचं, मग सगळ्या फाईलवर लावायचं. हात आखडता ठेव. जास्त लावलंस की ऑर्गन विहिरीतून वाजल्यासारखा येतो आणि तबल्याची चाटी नाहीशी होते. थोडी घरघर राहिली तरी चालेल. गावात ती सगळ्यांनी ऐकलेलीच असते.

शेवटी अपलोड. यूट्यूब 1080पी, म्हणजे फुल एचडीसाठी 8 एमबीपीएस सुचवतं, म्हणजे पाच तासांचे 18 जीबी. रोजच्या 2 जीबीच्या पॅकवर नऊ दिवस, तेही टॉवरची मर्जी असेल तर. त्याहून कमी बारकाव्याचं 720पी, 5 एमबीपीएसने काढलंस तर सव्वाअकरा जीबी. एच.265 या नव्या प्रकारात तेवढाच दर्जा जवळपास निम्म्या जागेत बसतो, पण जुना लॅपटॉप त्या फाईलवर रात्रभर तापत बसेल. खातं फोनने पडताळून घे, नाहीतर 15 मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढतच नाही. मी 720पीच काढतो आणि पेनड्राइव्ह चंद्रपूरला भाच्याकडे पाठवतो, त्याच्या ब्रॉडबँडवरून चढवायला. पेनड्राइव्ह आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर. फॅट32 या जुन्या फॉरमॅटवर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, आणि हे एसटी निघायच्या पाच मिनिटं आधी कळलं की काय होतं ते मी पाहिलंय.